केकवरची शाई पोटातच जाते

वाढदिवसाच्या केकवर सोनेरी चमक दिसली की मला त्या चमकेची डबी बघावीशी वाटते. केक किती किलोचा, कुठल्या चवीचा, अंड्याचा की बिनअंड्याचा, हे सगळं आपण फोनवर खोदून खोदून विचारतो. वरची चमक कुठल्या डबीतून आली आणि त्या डबीवर काय छापलं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारायला हवं. केकवरचं नाव, फुलं, नक्षी, सोनं-चांदी सगळं शेवटी पोटातच जातं. आणि सगळ्यात आधी पोरांच्या पोटात जातं, कारण वरचं फूल कुणाला मिळणार यावरूनच त्यांची भांडणं जुंपतात.

2018 साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलं आजारी पडली. केक बेकरीतून आणलेला होता. वरच्या क्रीमवर गुलाबी सोनेरी चमकदार पावडर होती. तपासणीत ती पावडर म्हणजे बारीक दळलेलं तांबं निघालं, शोभेच्या वस्तूंना लावायला बनवलेलं. पुढच्याच वर्षी मिसूरी राज्यात एक वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिसं सापडलं. माग काढत तपासनीस घरी केलेल्या वाढदिवसाच्या केकपर्यंत पोचले. त्यावरच्या पिवळ्या पावडरीत 25 टक्के शिसं होतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2021 मध्ये या दोन्ही घटना प्रसिद्ध केल्या. अशा न खाण्याच्या आणखी पावडरी तपासल्या तेव्हा त्यांत बेरियम, कॅडमियम, क्रोमियम, निकेल असे धातूही सापडले.

मिसूरीतला तो केक बाळाच्या घरच्यांनी प्रेमानं केला होता. त्यांच्या हातात जी डबी पडली, ती केकच्या जवळपास ठेवण्याच्याही लायकीची नव्हती.

ही गोष्ट तिकडची म्हणून सोडून देता येणार नाही. केकचं सामान विकणाऱ्या आपल्याकडच्या दुकानात जा आणि पाकिटं उलटून बघा. मी बघितली. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हे दुखणं एका दुकानाचं नाही. एकाच खिळ्याला दोन तऱ्हेची पेनं टांगलेली होती. पहिल्या पाकिटाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत घटकांची यादी होती. पाणी, ग्लिसरीन, खाद्यरंगांचे क्रमांक आयएनएस 102 आणि आयएनएस 133, सोडियम बेंझोएट. खाली आयात करणाऱ्याचा पत्ता, एफएसएसएआय या देशाच्या अन्न सुरक्षा संस्थेचा 14 आकडी परवाना क्रमांक, हिरवा ठिपका आणि वापरायची मुदत. दुसऱ्या पाकिटावर कपकेकचं सुरेख चित्र होतं आणि ठळक अक्षरांत लिहिलं होतं, नॉन-टॉक्सिक. मागची बाजू कोरी. घटक नाहीत, परवाना नाही, मुदत नाही. मी विचारलं, यात नेमकं काय आहे? दुकानदार म्हणाले, "मॅडम, नॉन-टॉक्सिक आहे. सगळे होम बेकर हेच नेतात."

दुकानदारांना एवढंच सांगायचं आहे: नॉन-टॉक्सिक तर माझ्या भाचीचा स्केचपेनचा डबाही आहे. पोरानं पेनाचं टोक चाटलं, बोटं रंगवून तोंडात घातली, तर त्याला इजा होऊ नये, एवढीच हमी त्या शिक्क्यात असते. तो रंग कुणी बशीत घेऊन खाईल असं धरून त्याची चाचणी झालेली नसते. अन्नात घालायच्या रंगाची परीक्षा वेगळी. त्याची शुद्धता ठरलेली असते, शिसं आणि आर्सेनिक किती चालेल याची मर्यादा असते, तो बनवतात त्या कारखान्याला अन्नाचा परवाना लागतो. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने केकवाल्यांना स्पष्ट सांगितलंय: डबीवर 'खाण्यायोग्य' असं लिहिलेलं हवं आणि घटकांची यादी हवी. नुसतं नॉन-टॉक्सिक असेल तर ती वस्तू खायच्या पदार्थावर लावू नका. 'फक्त सजावटीसाठी' असं लिहिलं असेल तर तीसुद्धा नको. खाण्याआधी काढून टाकायची सजावट असेल तर गोष्ट वेगळी. पण क्रीमवर भुरभुरलेली पावडर काढून टाकणार कशी?

आता त्या पहिल्या पाकिटातल्या पेनाबद्दल बोलू. ती वस्तू मला मनापासून आवडते.

खाद्य शाईचं पेन दिसायला थेट स्केचपेनसारखं. आत शाई शोषलेली कांडी, पुढे फेल्टचं टोक. शाईत पाणी आणि खाद्य रंग. टोक सुकू नये म्हणून ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल, बुरशी धरू नये म्हणून थोडं परिरक्षक, आणि काही पेनांत लिहिलेलं चटकन वाळावं म्हणून थोडा अल्कोहोल. एवढंच. यातली जादू पृष्ठभागात आहे. तो कोरडा हवा आणि बिनतुपाचा हवा. रॉयल आयसिंग म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर घोटून केलेला थर. तो बिस्किटावर ओतून रात्रभर वाळवला की पाटीसारखा टणक होतो आणि त्यावर पेन सुरेख चालतं. घाई केली की शाई पसरते आणि डोळ्याच्या जागी डाग उमटतो. आपल्याकडे जुलैच्या दमट हवेत आयसिंग दोन दोन दिवस चिकट राहतं. पंख्याखाली ठेवा, वाट बघा, दुसरा इलाज नाही. चॉकलेटवर हे पेन चालतच नाही, कारण शाई पाण्याची आणि चॉकलेटमध्ये कोको बटर. तिथे तेलात कालवलेले रंगच हवेत. बटरक्रीमवर टेकवलंत तर टोक तुपकट होऊन पेन कायमचं मुकं होतं.

जवळून बघितलं तर आणखी एक गोष्ट दिसते. वाळलेल्या साखरेवरून टोक सरकताना साखरेचे बारीक कण फेल्टमध्ये अडकतात. चार अक्षरांनंतर रेघ फिकी पडते. नवखा माणूस तिथे जोर लावतो आणि आयसिंगला भोक पाडतो. हात बसलेला माणूस टोक ओल्या टिश्यूवर हलकेच फिरवतो, कण निघून जातात आणि रेघ पुन्हा काळीभोर होते. पेन आडवं ठेवायचं, टोपण घट्ट लावायचं. एवढं सांभाळलं तर ते बरेच दिवस साथ देतं.

आणि या पेनानं मराठीची मोठी सोय केली आहे. बेकरीतल्या केकवर नाव इंग्रजीत का असतं? कोनातून क्रीम पिळून देवनागरी लिहिणं महाकठीण असतं, हे त्याचं एक खरं कारण आहे. क्रीमची रेघ जाड. त्यात 'प्रज्ञा'मधला ज्ञ बसवायचा, 'शर्वरी'वरचा रफार वळवायचा, 'कृष्णा'च्या पायात ऋकार द्यायचा आणि वर शिरोरेघ सरळ ओढायची! कारागीर हात जोडतो आणि इंग्रजी अक्षरं काढून मोकळा होतो. फाँडंटच्या, म्हणजे लाटलेल्या साखरेच्या थराच्या, वाळलेल्या पाटीवर बारीक टोकाच्या खाद्य पेनानं हेच नाव वहीत लिहावं तसं लिहिता येतं. काना, मात्रा, वेलांटी सगळं जागच्या जागी. आजीच्या पंच्याहत्तरीच्या केकवर 'अमृतमहोत्सव' हा शब्द पूर्ण उमटलेला बघून आजीचा चेहरा कसा खुलतो, ते ज्यानं बघितलंय त्याला हे पेन महाग वाटणार नाही.

मुलांच्या डब्यासाठीही हे पेन चांगलं. ब्रेडच्या स्लाइसवर, उकडलेल्या अंड्याच्या कवचावर, केळ्याच्या सालीवर लिहिता येतं. तूप लावायच्या आधी फुलक्यावरही लिहिता येतं. डबा उघडल्यावर फुलक्यावर स्वतःचं नाव बघणारं पोर तो फुलका शेजाऱ्याला देणार नाही.

पण खाद्य म्हटलं म्हणजे डोळे मिटून खावं असंही नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षे परवानगी असलेले कृत्रिम खाद्यरंग मोजून आठ: टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोसिन, पाँसो 4 आर, एरिथ्रोसिन, इंडिगो कार्माइन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन. बहुतेक पदार्थांत किलोमागे 100 मिलिग्रॅम ही मर्यादा. यातल्या पहिल्या चार रंगांबद्दल युरोपात 2010 पासून वेष्टनावर लिहावं लागतं की मुलांच्या चंचलपणावर आणि लक्ष देण्याच्या क्षमतेवर यांचा विपरीत परिणाम होऊ शकतो. ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या 2007 च्या अभ्यासानंतर ही सक्ती आली. एरिथ्रोसिनची परवानगी तर अमेरिकेनं जानेवारी 2025 मध्ये काढूनच घेतली. आपल्याकडे 'परवानगी असलेले कृत्रिम रंग वापरले आहेत' हे आणि रंगाचं नाव किंवा क्रमांक एवढं छापलं की भागतं. मुलं खाणार असलेल्या वस्तूवर एवढं पुरेसं नाही. युरोपातल्या आईला जे वाक्य वाचायला मिळतं, ते नाशिकच्या आईलाही मिळायला हवं.

पेनानं काढलेल्या दोन-चार रेघांत रंग अगदी थोडा जातो, हे मान्य. म्हणूनच माझा सल्ला सरळ आहे: रेघा काढा, नाव लिहा, पण अख्खा केक गडद रंगानं लिंपू नका. भडक लाल आणि काळ्याकुट्ट केकमध्ये जेवढा रंग ओतावा लागतो, त्याच्या शतांशानंही पेनाचं काम भागतं. शाकाहारी घरांनी आणखी एक बघावं. लाल-गुलाबी छटेत कोचिनियल किड्यापासून काढलेला कार्माइन असू शकतो, युरोपात त्याचा क्रमांक ई 120. हिरवा ठिपका शोधा. तो नसेल तर पाकीट परत खिळ्याला लावा.

अन्नावर शाईनं लिहायचं म्हणजे काहीतरी नवं फॅड, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी घरातलं औषधाचं पाकीट उघडावं. अनेक कॅप्सूलांवर जे नाव छापलेलं असतं, ती खाद्य शाईच असते. काळा आयर्न ऑक्साइड आणि त्याला धरून ठेवणारं शेलॅक, म्हणजे आपली लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेचा थर चढवतात, त्यातून हे शेलॅक निघतं. झारखंड त्यात आघाडीवर. रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था 1924 सालापासून उभी आहे. युरोपात अंड्यावरही शाईचा शिक्का असतो: पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो, 0 म्हणजे सेंद्रिय, 3 म्हणजे पिंजऱ्यातली, आणि पुढे देशाची खूण. कत्तलखान्यात मांसावर तपासनीस शिक्का मारतो, त्यासाठी युरोपियन कायद्यानं मोजून तीन रंग नेमून दिलेत. अमेरिकेत याच शिक्क्याच्या शाईत वापरला जाणारा एक जांभळा रंग होता. संशय आल्यावर 1973 मध्ये त्याची परवानगी रद्द झाली. अंड्याचं कवच तर आपण फेकून देतो. तरी त्यावरच्या शाईचे नियम आहेत. मग जो केक आपण बोटं चाटून खातो, त्यावरच्या शाईची दुकानात एवढी हेळसांड का?

आपली सवयच मुळात ढिली आहे, त्याचं मूळ वडापावच्या गाडीवर सापडतं. गरम वडा वर्तमानपत्राच्या तुकड्यावर, तेल कागदात, कागदाची शाई वड्यात. बातमीची अक्षरं उलटी होऊन पावावर उमटलेली किती जणांनी बघितली असतील! छपाईच्या शाईतले घटक, शिशासारखे जड धातूही, तेलकट गरम पदार्थात उतरतात. वर्तमानपत्रात अन्न गुंडाळायला 2018 च्या नियमांनी बंदी आहे आणि सप्टेंबर 2023 मध्ये एफएसएसएआयने पुन्हा बजावलं. तरी गाडीवर कागद तोच. मी वर्तमानपत्रावर पोसलेली बाई आहे आणि त्याच हक्कानं सांगते, हे सदर वाचून झाल्यावर या कागदावर भजी काढू नका.

कपड्याच्या रंगाची गोष्टही तशीच आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये तमिळनाडूनं आणि पुद्दुचेरीनं रोडामिन-बी सापडल्यावर गुलाबी बुढ्ढी के बालवर बंदी घातली. रोडामिन-बी हा कापड रंगवायचा रंग. मार्चमध्ये कर्नाटकनं त्याच मिठाईतल्या आणि गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बडगा उगारला. विकणारा पोटासाठी फिरणारा गरीब माणूस. त्याला दहा रुपयांत जो रंग मिळाला तो त्यानं वापरला. तो रंग सुट्ट्या पुड्यांतून, नावाशिवाय ज्यानं विकला, त्याचं बखोट धरायला हवं.

आणि आता आपल्या घरातली बाब. रुखवत. मावश्या-काकवा महिनाभर खपून मांडणी करतात. रंगवलेले नारळ, साखरेची तुळशी वृंदावनं, टिकल्या लावलेल्या सुपाऱ्या, पापडाची फुलं, लाडवांचे मनोरे. या कलेपुढे मी नतमस्तक आहे. पण पोस्टर कलर आणि चमकी लावलेल्या पापडाशेजारी खायचे लाडू एकाच ताटात ठेवलेले मी बघितलेत, आणि कार्य आटोपल्यावर ते लाडू चमकीसकट पोरांच्या हातात गेलेलेही बघितलेत. नारळ रंगवा, सुपारी रंगवा, ते कुणी खात नाही. पण लाडवावर, बर्फीवर, अनारशावर काही काढायचं असेल तर हातातला ब्रश पोस्टर कलरच्या बाटलीत बुडवू नका. पेन महाग वाटलं तर खायचा जेल रंग आणा, वाटीत दोन थेंब पाण्यात कालवा आणि नव्या कोऱ्या बारीक ब्रशानं काढा. ब्रश नवा हवा. शाळेच्या चित्रकलेच्या डब्यातला नको.

हेच फोटो केकला लागू. स्टार्चच्या पातळ कागदावर खाद्य शाईनं फोटो छापतात, सोय चांगली आहे. पण ज्या प्रिंटरमध्ये एकदा साधी शाई घातली, तो खाद्य छपाईला कायमचा बाद. नळ्यांत आणि छपाईच्या टोकात जुनी शाई उरतेच. होम बेकर ताईंना माझं हे सगळ्यात कळकळीचं सांगणं आहे. लॉकडाउननंतर घराघरांतून तुम्ही जो धंदा उभा केलात त्याचा मला अभिमान आहे. एफएसएसएआयकडे नोंदणी करा, तिचा क्रमांक डब्यावर छापा, आणि गिऱ्हाइकानं विचारायच्या आत त्याला पेनाचं पाकीट आणि पावडरीची डबी दाखवा. डबीवर घटकांची यादी नसेल तर ऑर्डर कितीही मोठी असो, ते सोनं लावायला नकार द्या. गिऱ्हाईक तुटेल याची भीती बाळगू नका. ज्या घरात लहान मूल आहे ते घर अशा बेकरला सोडत नाही.

आणि आपल्या अन्न व औषध प्रशासनाला एक मागणी. दर दिवाळीआधी तुमचे अधिकारी खव्याचे, तेलाचे, मिठाईचे नमुने घेतात. छापे पडतात, बातम्या येतात. या वर्षी त्याच फेरीत केकच्या सामानाच्या दुकानांतही जा. ज्या पेनावर घटक छापलेले नाहीत ते उचला, 'सजावटीसाठी' म्हणून केकच्या साच्यांशेजारी मांडलेल्या सोनेरी, चंदेरी, गुलाबी पावडरींच्या डब्या उचला आणि शिसं, कॅडमियम, तांबं यांसाठी प्रयोगशाळेत पाठवा. निकाल दुकानाच्या आणि आयातदाराच्या नावासकट जाहीर करा. नाताळच्या केकच्या ऑर्डरी डिसेंबरात सुरू होतात, त्याआधी.